कमांडोंचे बिल्ले: खरा कोणता, खोटा कोणता?

टोपीवाला (धागाकर्ता)

२०१९च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर पॅरा स्पेशल फोर्सेसचं 'बलिदान' चिन्ह दिसलं, आयसीसीने ते काढायला लावलं आणि तेव्हापासून या बिल्ल्याचं बाजारात नुसतं पीक आलंय. किचेन, टी-शर्ट, बुलेटची टाकी, काही शिल्लक नाही. त्याच लाटेत बऱ्याच जणांना लष्करी बिल्ले जमवायची हौस लागली. हौस चांगलीच आहे, पण सुरुवात करताना प्रत्येकाला हवा असतो तो कमांडोंचाच बिल्ला. म्हणजे पोहायला शिकायचं आणि पहिली उडी थेट भरतीच्या समुद्रात. या छंदात सगळ्यात जास्त खोटा माल याच कोपऱ्यात आहे.

का, ते सांगतो. एखाद्या जुन्या पायदळ रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला घ्या. नमुना सरकारने मंजूर केलेला, ठसे ठरलेले, हजारोंनी बनलेला. शंका आली तर ताडून बघायला शंभर नग सापडतात. याउलट विशेष मोहिमांच्या तुकड्या लहान, बऱ्याचशा तात्पुरत्या आणि गुप्त. त्यांचे बिल्ले अनेकदा कोणी मंजूरच केलेले नसतात. छावणीजवळच्या शिंप्याला कागदावर चित्र काढून दिलं, त्याने जमेल तसं भरून दिलं. दहा शिंप्यांचे दहा नमुने, दहाही खरे! मग खोटं ओळखायचं कशावरून? अधिकृत नमुना नाही, नग थोडे, मागणी प्रचंड. नकला करणाऱ्याला आणखी काय हवं?

माझा जीव दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीवर आहे, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. अमेरिकेची ५३०७ कंपोझिट युनिट, म्हणजे मेरिल्स मरॉडर्स, सुमारे तीन हजार माणसं. ३१ ऑक्टोबर १९४३ला ही मंडळी 'लरलाइन' बोटीने मुंबईला उतरली आणि तिथून थेट देवळालीच्या छावणीत गेली. पुढे मध्य भारतातल्या देवगढला सराव, मग ब्रह्मदेशचं जंगल. १७ मे १९४४ला त्यांनी मिच्छिनाची धावपट्टी घेतली आणि ऑगस्टमध्ये तुकडी बरखास्तही झाली. जेमतेम वर्षभराचं आयुष्य. त्यांचं चिन्ह म्हणजे निळ्या-हिरव्या चौकटींची ढाल, तिच्यात चिनी सूर्य आणि ब्रह्मदेशचा तारा, मधून लाल वीज. युद्धकाळात ते अधिकृत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्याच रेखाटनावरून अमेरिकी सैन्यातल्या ७५व्या रेंजर्सचा धातूचा बिल्ला झाला आणि मग मागणीला अंतच राहिला नाही. आज इंटरनेटवर 'मूळ, युद्धकालीन' म्हणून मरॉडर्सचे इतके पॅच विकायला आहेत की त्या तीन हजार जणांनी अंगभर लावले असते तरी उरले असते.

दुसरं त्याच जंगलातलं: ब्रिटिश सेनानी विंगेटचे चिंडिट. निळ्या गोलात सोनेरी चिंथे, म्हणजे ब्रह्मी देवळाच्या दाराशी बसतो तो सिंह, आणि मागे पॅगोडा. या फौजेला कागदोपत्री 'तिसरी इंडियन डिव्हिजन' असं फसवं नाव होतं, प्रत्यक्षात ती होती शत्रूच्या पिछाडीला घुसणारी स्पेशल फोर्स. तिसरं, ओएसएसचा, म्हणजे अमेरिकेच्या युद्धकालीन हेरसंस्थेचा, सोनेरी भाला. हे चिन्ह युद्धाच्या काळात आखलं गेलं, पण मंजूर कधीच झालं नाही. पुढे अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने १९८७ साली आपल्या चिन्हात तोच भाला घेतला. तेव्हा ओएसएसचा पॅच 'जवानाच्या गणवेशावरून काढलेला' असं कोणी म्हणालं की पाकीट आत ठेवायचं.

आता पारख. कापडी पॅच हातात आला की मी पुढची बाजू बघतच नाही, आधी उलटा करतो. पुढची बाजू बनवणाऱ्याने दाखवायसाठी केलेली असते. मागच्या बाजूला तो सहज, नेहमीच्या सवयीने काम करतो.

कडा बघा. अमेरिकी पॅचची दोरीसारखी जाड, गोल शिवलेली कड ही मेरो मशीनची. सैन्याच्या पॅचवर ती रूढ झाली १९६०च्या दशकाच्या अखेरीस. महायुद्धातले पॅच साधे, कड कापलेले. मेरो कड असेल तर मागे बहुधा धाग्याचं एक शेपूट चिकटवलेलं दिसतं. ते शेपूट असलेला 'महायुद्धातला' पॅच मला किती वेळा दाखवला गेलाय त्याची मोजदाद नाही.

मग अतिनील टॉर्च. कापड आणि धागे झगझगीत पांढरे दिसावेत म्हणून घालतात ती रसायनं सर्रास आली ती साधारण १९५०नंतर. १९४४चा म्हणवणारा धागा अंधारात निळा-पांढरा पेटला तर संशय घ्या. संशयच घ्या, निकाल देऊ नका. कारण खरा पॅच आजच्या पावडरीत धुतला तरी चमकतो. आणि न चमकणारा खराच, असंही नाही. नकला करणारे आता जुना सुती धागा शोधून वापरतात.

धातूच्या बिल्ल्यांचं गणित वेगळं. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात आणि मागे बहुतेक वेळा पुढच्याच चित्राचा खोलगट उलटा उठाव दिसतो. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. भिंग लावलं की बारीक छिद्रं दिसतात, कडेला सांध्याची रेघ घासल्याच्या खुणा असतात. कॅलिपर घ्या. फोटो बघून 'वाटतंय खरं' म्हणणाऱ्यांपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

ब्रिटिश आणि आपल्या बिल्ल्यांवर मुकुट असेल तर कालनिर्णय सोपा. जॉर्ज राजांच्या वेळचा ट्यूडर मुकुट, १९५२ ते २०२२ राणीचा सेंट एडवर्ड मुकुट, आणि आपल्याकडे प्रजासत्ताकानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह. राणीचा मुकुट असलेला 'डी-डेचा' बिल्ला विकणारे महाभाग आहेत. पण एसएएस या ब्रिटिश कमांडो तुकडीच्या पंखवाल्या खंजिरावर मुकुटच नाही, त्यामुळे तिथे ही सोयही नाही.

आपापले नग टाका, बघू या.

---

भटकभवानी

काय सुरेख लेख! वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

नाशिकचा_द्राक्षवाला

देवळालीत मेरिल्स मरॉडर्स? आजोबा 'गोऱ्यांचा क्यांप' एवढंच सांगायचे, आमच्या डोक्यात सगळे इंग्रज. अमेरिकी पण होते हे आज कळलं. +१

---

कर्जतचा_अंत्या

टोपीवाले, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एक चिंडिट पॅच मिळालाय. विकणारा म्हणाला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातली ट्रंक आली होती. निळ्यावर पिवळ्या धाग्याचा सिंह आहे, मळकट, एका कोपऱ्याला कसर लागलेली. फोटो टाकलेत. किती जुना असेल?

---

टोपीवाला

अंत्या, मागचा फोटो टाकलास हे फार बरं केलंस.

तिसरा फोटो मोठा करून बघ. सिंहाच्या पायांपासून पॅगोडाच्या टोकापर्यंत मागे पांढऱ्या धाग्याचे आडवे उडते टाके आहेत, एका आकारातून दुसऱ्यात उडी मारताना न तोडलेले. सगळे एकाच ताणाचे, एकाच कोनात. हाताने किंवा पायमशीनवर भरणारा माणूस असं करत नाही. त्याचा ताण बदलतो, तो मध्ये गाठ मारतो, धागा संपला की दुसऱ्या छटेचा घेतो. शिवाय भरतकामाखाली कागदासारखा पांढरा थर दिसतोय, कडेला फाटलेला. तो विणलेला नाही, दाबून केलेला नॉन-वोव्हन आहे. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनवर कापड ताठ राहावं म्हणून लावतात. शाळेच्या गणवेशावरचा खिशाचा बिल्ला उलटून बघ, हाच थर सापडेल.

आता मळ. पहिल्या फोटोत तपकिरी डाग सगळीकडे सारखा पसरलाय, टाक्यांच्या खाचांतसुद्धा. खरा गणवेशावरचा पॅच उंचवट्यांवर झिजतो आणि मळतो. उन्हाने समोरचा रंग उडतो, मागचा टवटवीत राहतो. तुझ्याकडे पुढचा आणि मागचा निळा अगदी सारखा आहे. हा चहा आहे. किंचित ओला करून वास घे, कधी कधी अजून येतो.

कसर मात्र खरी वाटते, हे खरं कौतुक. निळं कापड लोकरी असणार, कसरीला काय, नवी लोकरही चालते. आणि कडेला चारी बाजूंनी शिवण उसवल्याची छिद्रं नाहीत. म्हणजे तो कुठल्याच बाहीवर कधी बसला नव्हता.

थोडक्यात, माझ्या मते फार तर गेल्या वीसेक वर्षांतला. शोभेला छान आहे. ट्रंकेची गोष्ट विकणाऱ्याला परत देऊन टाक.

---

कर्जतचा_अंत्या

चहाचा वास आला राव!! वेलची घालून केलेला असावा. असो, चहाभजीच्या पैशात गेला, फार लागलं नाही.

---

मरून_टोपी_निवृत्त

नमस्कार. मी पॅराशूट रेजिमेंटमधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. एसएफमध्ये, म्हणजे स्पेशल फोर्सेसमध्ये, नव्हतो, आधीच सांगतो, नाहीतर लोक लगेच 'कमांडो काका' करतात.

थोडा गोंधळ दूर करतो. मरून बेरे सगळ्या पॅराट्रूपर्सची. तिच्यावरचा रेजिमेंटचा बिल्ला, उघडी छत्री, पसरलेले पंख, उभा खंजीर, तोही सगळ्यांचा. 'बलिदान' फक्त स्पेशल फोर्सेसचा. खाली टोक असलेला खंजीर, पंख आणि पट्टीवर देवनागरीत 'बलिदान'. तो छातीवर लागतो, टोपीवर नव्हे. बाजारात टोपीवर बलिदान लावलेले जे फोटो फिरतात ते बघूनच समजून जावं.

मराठी माणसाला या रेजिमेंटबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी, क्वचितच असते. आजची २ पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा लाइट इन्फंट्री. १९५२ साली तिचं नाव बदललं. ११ डिसेंबर १९७१ला टांगाईलला हवेतून उतरून पूंगली पूल घेतला तो याच पलटणीने. नंतर ती एसएफ झाली. आणि २१ पॅरा एसएफ ही आधी २१ मराठा होती, १९९६ला रूपांतर झालं, म्हणून तिला 'वाघनखं' म्हणतात. तेव्हा जुन्या काळची मराठ्यांची आणि पॅराची चिन्हं एकाच माणसाच्या पेटीत निघाली तर लगेच 'विकणाऱ्याने भेसळ केली' म्हणू नका. खरंच तशी पेटी असू शकते.

बलिदानबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सध्या सेवेत असलेल्या तुकड्यांचे बिल्ले 'जमवण्याची' वस्तू नाहीत. खरा बिल्ला कसा ओळखायचा हे इथे कोणी विचारू नये आणि कोणी सांगूही नये. पलटणीपलटणीत बारीक फरक असतात, तो त्यांचा घरचा मामला आहे. टोपीवाले ऐंशी वर्षांपूर्वीचं जमवतात, त्याला माझा सलाम.

---

टोपीवाला

साहेब, शंभर टक्के सहमत. म्हणूनच माझ्या लेखात बलिदानच्या पारखीची एक ओळही नाही. संपादकांना विनंती, सेवेतल्या तुकड्यांचे फोटो आले तर काढून टाकावेत.

---

तिरकसपंत

म्हणजे मी माझ्या गाडीवर स्टिकर लावला की तुरुंगात? मग अर्धं पुणे आत जाईल.

---

काळा_कोट

स्टिकरने नाही जाणार हो. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ बघा, जुन्या दंडसंहितेतलं १४०. सैनिक नसताना सैनिकाचा गणवेश किंवा चिन्ह वापरणं, तेही लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने, हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळं 'हेतू'वर आहे. कपाटात ठेवलेल्या संग्रहाला हे लागत नाही. पण बलिदान लावलेलं जॅकेट घालून टोलनाक्यावर 'आर्मी' म्हणून सवलत मागितलीत तर हेतू वेगळा सिद्ध करायची गरज पडणार नाही.

नवीन कॉम्बॅट गणवेशाच्या नक्षीवर तर लष्कराने २०२२मध्ये स्वतःचा हक्क नोंदवून घेतलाय, तेव्हा ते कापड शिवून देणारा शिंपीही अडचणीत येतो.

---

सॅन_होजेची_मीनल

इथे कॅलिफोर्नियात फ्ली मार्केटला गेलं की एक टेबल हटकून असं असतं: व्हिएतनाम, ग्रीन बेरे (अमेरिकी सैन्याच्या स्पेशल फोर्सेस), सील (नौदलाचे कमांडो). नवऱ्याला नाद आहे, मला आपोआप ज्ञान मिळालं. टोपीवाल्यांनी ब्रह्मदेश घेतला, मी व्हिएतनाम घेते.

स्पेशल फोर्सेसचा बाहीवरचा पॅच, निळसर बाणाच्या टोकात खंजीर आणि तीन विजा, १९५५चा. धातूचा बिल्ला, दोन आडवे बाण, उभा खंजीर आणि लॅटिन ब्रीद, १९६०चा. हिरव्या टोपीला केनेडींनी मान दिला तो १९६१च्या ऑक्टोबरमधला. ही अधिकृत मंडळी. यातल्या धातूच्या बिल्ल्यावर मागे बनवणाऱ्याचा सांकेतिक आकडा असतो, अक्षर आणि अंक मिळून. त्यावरून कारखाना कळतो आणि जाणकारांना साधारण काळही.

टोपीवरच्या रंगीत फ्लॅशमध्ये, म्हणजे बिल्ल्यामागच्या कापडी तुकड्यात, एक छान सापळा आहे. स्पेशल फोर्सेसच्या पाचव्या ग्रुपच्या काळ्या फ्लॅशवर व्हिएतनामी झेंड्याचे पिवळे-लाल तिरके पट्टे असतात. पट्टे दिसले की विकणारा 'व्हिएतनाम' म्हणतो. पण १९८५मध्ये काढलेले ते पट्टे २०१६मध्ये परत आलेत. म्हणजे तुमच्या हातातला फ्लॅश गेल्या आठवड्यात दुकानातून आणलेला असू शकतो, आणि तो पूर्ण खरा आणि सरकारी असेल, फक्त व्हिएतनामचा नसेल. उलट बाजूचं उदाहरण सीलच्या त्रिशूळाचं. तो १९७०ला आला तेव्हा अधिकाऱ्यांचा सोनेरी आणि बाकीच्यांचा चंदेरी होता. चंदेरी लवकरच बंद झाला. चंदेरी बघून 'नकली' म्हणत हसणारे मी पाहिलेत.

आता खरी दलदल: एसओजी, व्हिएतनाम युद्धातली अमेरिकेची गुप्त तुकडी. १९६४ला स्थापन झालेली, लाओस-कंबोडियात छुप्या मोहिमा करणारी. सीमेपलीकडे जाताना अंगावर एकही चिन्ह नाही, गणवेशही अनामिक. मग हे कवटीवाले, रक्त ठिबकणारे पॅच कुठून आले? दा नांग, कोन्तुम, बान मे थुओत इथल्या तळांबाहेरच्या शिंप्यांकडून. तळावर मिरवायला, पार्टीच्या जॅकेटवर लावायला. एकेका टेहळणी पथकात अमेरिकी दोन-तीन, बाकी मोंतन्यार किंवा नुंग, म्हणजे तिथल्याच स्थानिक जमातींचे लोक. अशा पथकाचे पॅच बनून बनून किती बनले असतील? आणि त्यात तिसरा प्रकार असा की १९८०-९०च्या सुमारास माजी सैनिकांनी स्वतःच आपल्या संमेलनांसाठी तेच पॅच पुन्हा करून घेतले. ते खोटे म्हणता येत नाहीत, आणि युद्धातले तर नाहीतच. म्हातारा सैनिक अगदी प्रामाणिकपणे सांगतो 'हा माझा पॅच', आणि तो असतो १९८८चा.

---

टोपीवाला

म्हणूनच आमच्याकडचे जुने संग्राहक बजावतात: वस्तू घ्या, गोष्ट घेऊ नका.

---

सॅन_होजेची_मीनल

तिथेच माझं वेगळं मत आहे. पायदळाच्या बिल्ल्याला हा नियम ठीक. एसओजीच्या पॅचबाबत वस्तू काहीच सांगत नाही. धागा स्थानिक, शिंपी स्थानिक, नमुना कुठे नोंदलेला नाही, आणि साठ वर्षांपूर्वीचं व्हिएतनामी मशीन आजही कुठेतरी चालू आहे. तिथे 'गोष्ट' काढून टाकली तर हातात उरतं ते एक रंगीत फडकं. नवऱ्याच्या संग्रहात एकच एसओजीचा पॅच आहे, आणि तो का घेतला? त्या माणसाचा तोच पॅच लावलेला १९६९चा फोटो, पॅचमधला वाकडा दात फोटोतही वाकडा, आणि त्याच पेटीत घरच्यांना लिहिलेली पत्रं. यातलं एक जरी नसतं तरी आम्ही हात लावला नसता.

---

टोपीवाला

मीनलताई, तुम्ही जी म्हणताय ती गोष्ट नव्हेच, तो पुरावा आहे. फोटो, पत्र, सेवापुस्तिका हे त्या काळातच तयार झालेलं असतं, विकायच्या वेळी नव्हे. माझा विरोध आहे तो तोंडी पुराणाला.

---

सॅन_होजेची_मीनल

आणि फोटोतला वाकडा दात बघून हुबेहूब वाकडा दात भरून घेतला तर? तेही झालंय इथे. पुराव्याचे फोटोसुद्धा आता नेटवर मिळतात ना. शेवटी पत्रं देणाऱ्या त्या माणसाच्या मुलीशी बोलून, तिचं खरंच वाटून घेतलाय. म्हणजे तोंडी पुराणच की.

---

टोपीवाला

मग आपलं जमायचं नाही. 😄 मी मुलीशी बोलून पत्रं घेतली असती, पॅच तरी दोन वेळा भिंगाखाली घातलाच असता.

---

घाटावरचा_बाळ

काशीहून नमस्कार. आमचं घराणं इथे पेशव्यांच्या काळापासून, घरात अजून मराठीच. व्यवसायाने मी जरीकामाचा माल बाहेर पाठवतो, म्हणून या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

तुम्ही सगळे 'नकली बनवणारे' म्हणताय ते बऱ्याचदा आमचे कारागीर असतात. बनारसच्या लल्लापुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. ब्रिटनमधल्या रेजिमेंटच्या मेस जॅकेटचे, ब्लेझरचे, युरोपातल्या सैन्यांचे कलाबतूचे, म्हणजे सोनेरी-चंदेरी तारेने भरलेले, बिल्ले इथून जातात. सरहद्दीपलीकडे सियालकोटला तोच धंदा. आणि महायुद्धात ब्रह्मदेशकडे जाणाऱ्या गोऱ्यांचे कलाबतूचे बिल्ले भरले तेही हिंदुस्थानातल्या अशाच कारागिरांनी. आज त्याच हातांचे नातू तेच चित्र, त्याच पद्धतीने भरतात. टोपीवाल्यांची उडत्या टाक्यांची खूण इथे लागूच होणार नाही.

काम कसं होतं बघा. लाकडी चौकटीवर, आम्ही कारचोब म्हणतो, कापड ताणून बसवतात. नक्षी कागदावर काढून रेषेवर सुईने भोकं पाडायची, तो खाका. खाका कापडावर ठेवून भोकांतून रंगाची पूड पुसली की नक्षी ठिपक्यांनी उतरते. सिंहाचं अंग उठून दिसावं म्हणून आत सुताचा किंवा पुठ्ठ्याचा भराव. मग तार. ती सरळ शिवत नाहीत. स्प्रिंगसारखी वळलेली असते, तिचे जवापेक्षा बारीक तुकडे कापून एकेक तुकडा मण्यासारखा सुईत ओवून टाचतात. चकचकीत पाहिजे तिथे सलमा, मंद पाहिजे तिथे कोरा, आयाळीला नक्शी, कडेला गिजाई. एकच सोनेरी रंग, पण चार तऱ्हेने उजेड परततो. बिल्ला हातात घेऊन तिरका धरा म्हणजे कळेल. जो सगळीकडून सारखाच चमकतो त्याला घाईत एकाच तारेने भरलाय.

जुनं-नवं ओळखायचं तर तारेकडे बघा. जुन्या चांगल्या तारेत चांदी भरपूर, वर सोन्याचा मुलामा. ती काळवंडते, करडी-काळी होते, खाचांत आधी. आजच्या स्वस्त तारेच्या पोटात तांबं, दमट हवेत ती हिरवी पडते. त्याहून स्वस्त ती प्लास्टिकची. ती काळी, हिरवी काहीच होत नाही, पंचवीस वर्षं नवरीसारखी दिसते. पण चांगल्या तारेची मागणी केली तर आजही चांदीची मिळते, आणि गंधकाच्या वाफेत धरली की दोन दिवसांत काळी होते. तसा माल मागणारे लोक असतात. आम्ही बिल्ला देतो, पावतीवर तारीख घालतो. पुढे पावती कुठे जाते ते विचारू नका.

कारागीर दिवसभर मान मोडून जो सिंह भरतो त्याचे त्याला मोजके पैसे. लंडनला त्यावर 'थिएटर मेड, १९४४', म्हणजे युद्धभूमीवरच बनलेला, अशी चिठ्ठी लागली की किंमत शंभर पट. फसवणूक त्या चिठ्ठीत आहे.

---

भटकभवानी

बाळासाहेब, यावर स्वतंत्र लेख लिहाच. कारचोबाचे फोटो टाका.

---

मरून_टोपी_निवृत्त

माझ्या मेस जॅकेटवरचा बिल्ला आत्ता तिरका धरून बघितला. चार तऱ्हेने चमकतोय. बनारसचाच असेल का?

---

घाटावरचा_बाळ

साहेब, मागचं अस्तर कुठलं आहे? काळा कागद चिकटवलेला असेल तर आमचा असण्याची शक्यता बरीच.

---

मरून_टोपी_निवृत्त

जॅकेटला शिवलेला आहे. उसवला तर घरातून मलाच बाहेर काढतील.

---

रत्नागिरीचा_खलाशी

एक व्यवहारी प्रश्न. आमच्याकडे पावसाळ्यात पितळही रडतं. वडिलांचे नौदलातले बिल्ले ब्रासोने घासून ठेवतो, तरी ऑगस्टपर्यंत परत काळे.

---

टोपीवाला

ब्रासो आजपासून बंद. दर घासणीला रेषा थोड्या थोड्या जातात आणि खाचांत पांढरी पुटं साचतात. ती पुटं काढायला पुन्हा घासणं आलं. काळेपणा राहू दे, घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला तोच आवडतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. हाताला घाम येत असेल तर सुती हातमोजे घाला. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या आसपास त्या बदला. कापडी आणि धातूचे एकत्र नकोत. कापडी बिल्ले प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, ते चिकटतं आणि रंग ओढतं. साध्या पांढऱ्या सुती कापडात सपाट ठेवा, घडी नको. जरीचे असतील तर घडीवर तार तुटते आणि मग बाळासाहेबांकडे काशीयात्राच.

आणि वडिलांचे आहेत म्हणता, तर एक काम आजच करा. कुठला बिल्ला कोणत्या जहाजावर असतानाचा, कोणत्या साली मिळाला, वडील असतील तर त्यांना विचारून चिठ्ठ्या लिहा. बिल्ल्याला टाचणी लावू नका, डब्यात बाजूला ठेवा.

---

रत्नागिरीचा_खलाशी

आहेत, शहाऐंशी वर्षांचे. उद्या बसतो त्यांच्याजवळ वही घेऊन. त्यांना तारखा पाठ आहेत, जहाजांची नावं मात्र भांडून सांगतात.